गटाचा टॅब, घरोघरचा वार

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘बायांची बैठक’ या सदरात झालेलं भाषण)

 चुलीपुढं भाकरी थापता थापता, गोठ्यात धार काढता काढता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आमचा राम राम.

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या एका बचत गटातल्या बाया. आम्ही बारा जणी. कुणाच्या घरी ऊस आहे, कुणाच्या दावणीला दोन म्हशी आहेत, कुणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, एक जण शिवणकाम करते. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली एक सूनबाईही आहे. गटानं आजवर शेळ्यांसाठी कर्ज घेतलं, दवाखान्यासाठी घेतलं, पोरांच्या फीसाठी घेतलं. मग एका बैठकीत आम्ही ठराव केला की गटाच्या पैशातून एक स्वस्तातला टॅब घ्यायचा. गावात हसणारे हसले. “बायकांना टॅब कशाला? सिरियली बघायला?” असं पारावर बोलणं झालं. आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. होय, सिरियली बघायला, भजनं ऐकायला, आणि त्याच्याबरोबर आणखी बऱ्याच कामाला. टॅबला खर्च किती येतो, तो वापरायचा कसा, भांडणं कशी टाळायची आणि फसवणुकीपासून कसं जपायचं, ते सगळं सांगतो.

आधी टॅब म्हणजे काय, तेवढं सांगू. मोबाइलसारखाच, पण शाळेच्या वहीएवढा मोठा पडदा. बोटानं चालतो. अक्षर मोठं करता येतं, त्यामुळं चष्मा लागलेल्यांनाही वाचता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चार-पाच जणींना गोल बसून एकत्र बघता येतं. मोबाइल एकटीनं बघायची वस्तू, टॅब पाच जणींनी.

आता तो घेण्याची वेळ का आली? २०२० साल आठवा. मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि पोरांचा अभ्यास मोबाइलवर आला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ लागायची, तेवढा टीव्ही असलेल्या घरांना आधार झाला. पण वरच्या वर्गांचं काय? बहुतेक घरात चांगला फोन एकच. तो सकाळी मालकांच्या खिशातून रानात नाही तर कारखान्यावर जायचा. संध्याकाळी घरी आला की आधी दादाचा नंबर लागायचा, कारण “त्याला पुढं शिकायचंय”. ताईचा नंबर येईपर्यंत बॅटरी उतरलेली, नाही तर भांडी घासायची राहिलेली. आमच्या वस्तीवर त्या काळात दोन मुलींचा अभ्यास सुटला तो सुटलाच. अभ्यास सुटला की घरात दुसरं बोलणं सुरू होतं. ते कसलं, हे आयाबायांना सांगायला नको. “नाहीतरी घरीच बसलीय, चांगलं स्थळ आलंय.”

हे आमच्याच वस्तीचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्या २०१९ ते २१ च्या फेरीत विचारलं होतं की इंटरनेट कधी तरी वापरलंय का. देशभरातल्या १०० बायांमागं ३३ जणी हो म्हणाल्या आणि १०० पुरुषांमागं ५७ जण. खेड्यापाड्यात तर बायांमध्ये २५ आणि पुरुषांमध्ये ४९. म्हणजे यंत्र घरात असतं, पण ते कुणाच्या हातात असतं हा खरा प्रश्न आहे. म्हणून आमचा टॅब कुणा एकीच्या घरचा नाही. तो गटाचा आहे. गटाच्या वस्तूवर दादाचा पहिला नंबर लागत नाही.

स्वस्तातल्या टॅबची गोष्ट आपल्या देशात जुनी आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ नावाचा टॅब आला. तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. सरकारला तो साधारण सव्वादोन हजार रुपयांना पडत होता आणि जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून त्याचं नाव झालं. पण त्याचा पडदा बोटानं दाबून दाबून चालवावा लागायचा, काम सावकाश व्हायचं आणि बॅटरी लवकर उतरायची. मग मुंबईच्या आयआयटीनं त्यात लक्ष घातलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला, राष्ट्रीय शिक्षण दिनी, सुधारलेला ‘आकाश-२’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आला. पुढं ती योजना मागं पडली, पण तिनं दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे नुसती किंमत बघून वस्तू घेऊ नये. दुसरी म्हणजे टॅब स्वस्त असून भागत नाही, त्यात आपल्या भाषेतलं, आपल्या उपयोगाचं काही असावं लागतं आणि ते दाखवणारं माणूस जवळ असावं लागतं. म्हैस घेताना आपण नुसती किंमत बघतो का? दूध किती, वेत कितवं, चारा किती खाते, सगळं बघतो. टॅबचंही तसंच.

आम्ही दुकानात जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून नेल्या होत्या, त्या सांगतो. पडदा आठ ते दहा इंचाचा असावा. ‘रॅम’ म्हणजे काम करायची ताकद, ती निदान ४ जीबी असावी. साठवणीची जागा ६४ जीबी असावी आणि वरून मेमरी कार्ड बसायची सोय असावी. सिमकार्डाचा टॅब थोडा महाग पडतो. घरातल्या फोनवरून ‘हॉटस्पॉट’नं इंटरनेट देता येत असेल, तर बिनसिमचाही चालतो. आणि पाचवी गोष्ट, पक्कं बिल आणि एक वर्षाची वॉरंटी. दुकानदार म्हणेल, “बिल नको, दोनशे कमी घेतो.” तसं करू नका. बिलाशिवाय दुरुस्ती फुकट होत नाही आणि गटाच्या हिशेबाला कागद लागतो. असा टॅब आम्हाला सात-आठ हजारांच्या घरात मिळाला. बारा जणींत वाटला तेव्हा एकीच्या वाट्याला सहा-सातशे रुपये आले. त्यावर जाड रबरी कव्हर आणि काच घ्यायला विसरू नका. पोरांच्या हातातून तो पडणार, हे धरूनच चालायचं.

विजेची काळजी करू नका. अशा टॅबची बॅटरी साधारण ५,००० एमएएचची असते. ती एकदा पूर्ण भरायला, गळती धरून, २५ वॅट-तास वीज लागते. विजेचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटात टॅब चाळीस वेळा भरतो. युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी एका वेळेला खर्च झाला चार आणे. वस्तीवर लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून लाइट असेल तेव्हा भरून ठेवायचा, एवढंच.

आता वापराचे नियम. हे आमच्या बैठकीत ठरले आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिले, सह्या-अंगठ्यांसकट. टॅब आठवड्याच्या वारानं फिरतो. दोन घरांना मिळून एक वार, सोमवार ते शनिवार. रविवारी तो बैठकीत असतो. ज्या घरी वार आहे, तिथं संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मुलींचा अभ्यास. त्या वेळेत दुसऱ्या कुणी मागायचा नाही, पाहुणा आला तरी. शेजारच्या मुलीही त्या वेळी तिथं येऊन बसतात. दुपारची दीड ते तीन ही वेळ बायांची. सकाळी टॅब पुढच्या घरी पोचवताना बॅटरी भरलेली असावी. टॅबचं कुलूप म्हणजे पासवर्ड, तो गटातल्या बायांनाच ठाऊक. आणि एक पक्का नियम, त्यावर बँकेचं किंवा पैसे पाठवायचं कुठलंच अ‍ॅप टाकायचं नाही. दहा हातांतून फिरणाऱ्या वस्तूवर पैशाचा व्यवहार नको.

पहिल्याच महिन्यात एका घरी लेकानं गेम टाकले आणि टॅब सोडेना. त्याच्या आजीनं मार्ग काढला. ती त्याला म्हणाली, “ठेव तुझ्याजवळ, पण उद्या बारा घरच्या बाया मागायला दारात येतील, त्यांच्याशी तू बोल.” पोरगा दुसऱ्या दिवशी स्वतः पुढच्या घरी देऊन आला. गटाच्या वस्तूमागं गट उभा असला की असं होतं.

आता करमणूक. काही जणी म्हणतात, “अभ्यासाचं ठीक आहे हो, पण करमणूक कशाला?” आम्ही म्हणतो, का नको? गडी माणूस पारावर बसतो, क्रिकेट बघतो, तमाशाला जातो, त्याला कुणी विचारत नाही. बाई पहाटे चारला उठते, दुपारी तासभर पाय पसरून तिनं काही ऐकलं, पाहिलं, हसली, तर त्यात वाईट काय? आमच्याकडं दुपारी हरिपाठ, कीर्तनं, भारुडं लागतात. सूनबाई जुने मराठी चित्रपट लावते, आजींना ते फार आवडतात. आषाढात तुकोबारायांची पालखी आमच्याच भागातून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. अंथुर्ण्याच्या मुक्कामानंतर पालखी शेळगाव फाट्यावरून निमगाव केतकीकडं जाते. ज्यांना जाता येतं त्या जातात. पण बाळंतीण असते, गुडघ्यांनी धरलेली आजी असते, त्यांनी घरबसल्या रिंगणातला अश्व धावताना पाहिला आणि पडद्याला हात जोडले.

पण करमणूक करायची तर डेटा जपून वापरायला शिका. हिशेब सोपा आहे. नुसता आवाज ऐकला तर तासाला ३० ते ६० एमबी लागतात. हलक्या दर्जाचा व्हिडिओ, म्हणजे ‘३६०’ लिहिलेला, तासाला साधारण ३०० एमबी खातो. आणि चकचकीत ‘एचडी’ लावला तर तासाला एक जीबीच्या वर जातो. म्हणजे दिवसाचा दीड जीबी एचडीत दीड तासाच्या आत संपतो, ३६० वर पाच तास पुरतो आणि नुसती भजनं ऐकली तर दिवसभर ऐकूनही उरतो. म्हणून व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या चाकावर बोट ठेवून दर्जा कमी करायला पोरांकडून शिकून घ्या. आणि ज्याच्या घरी रात्री डेटा उरतो, तिथं पोरांनी अभ्यासाचे धडे उतरवून ठेवावेत. उतरवलेलं बिनइंटरनेटचं चालतं. ३२ जीबीच्या एका कार्डात ५०० तासांची गाणी मावतात. रोज दोन तास ऐकली तरी आठ महिने पुरतील.

या करमणुकीतूनच आम्हाला एक मोठी गोष्ट सापडली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! मुळशी तालुक्यासारख्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गावांतल्या बायाही त्यात आहेत. बऱ्याच ओव्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमानं येत आहेत, मराठीत, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. फुकट ऐकता येतात.

आम्ही त्या दुपारी लावल्या, तेव्हा आमच्या आजी बसल्या जागी गायला लागल्या. टॅबमधली बाई एक ओवी म्हणायची आणि आजी तिला जोडून दोन म्हणायच्या. बापाच्या घरच्या, भावाच्या वाटेकडं डोळे लावल्याच्या, सासुरवासाच्या, विठ्ठलाच्या. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर गटात बसतोय, त्यांना एवढ्या ओव्या येतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, मग ओवी म्हणायची कधी? सूनबाईनं टॅबमधलं आवाज साठवायचं बटण दाबलं. आता दर रविवारी बैठक संपली की आजी गातात आणि आम्ही साठवतो. वहीत तारीख लिहितो, ओवी कशावरची आहे ते लिहितो. आजी सही करायला अजून अडखळतात, पण त्यांचं ज्ञान वहीत आलं. शिकणं म्हणजे दुसऱ्याकडून घेणंच असतं असं नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तुमच्याही गावात अशी एखादी आजी असेल. तिचा आवाज आहे तोवर साठवून घ्या.

आता शिकण्याकडं येऊ. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तक फाटलं, हरवलं, मोठ्या बहिणीचं जुनं झालं, तर टॅबवर उतरवून घेता येतं. नव्या पुस्तकांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन छापलेले असतात, त्यांना क्यूआर कोड म्हणतात. टॅबवर ‘दीक्षा’ अ‍ॅप घेऊन त्या चौकोनावर कॅमेरा धरला की त्या धड्याचा व्हिडिओ, सराव उघडतो.

या चौकोनांची गोष्ट आपल्या शेजारची आहे. उजनीच्या पलीकडं, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यामागं कविता, गोष्टी, धड्यांचे व्हिडिओ ठेवले. पोरींची शाळा सुटू नये, लवकर लग्नं होऊ नयेत, ही त्यांची धडपड होती. पुढं राज्यानं ही पद्धत सगळ्या पुस्तकांत आणली. ३ डिसेंबर २०२० ला गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. म्हणून पोरीला तो चौकोन दाखवताना सांगा, “बाई, हे आपल्या शेजारच्या वाडीतून निघालंय.”

लहान पोरांसाठी प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं, तिथं चित्रांच्या मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. मोठ्या मुलांसाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला त्याचं काम उभं राहिलं, वीस खंड झाले. एवढे खंड कुठल्या घरात मावणार? टॅबवर ते सगळे उघडतात. एकदा एका पोरीनं विचारलं, “उसाला साखर कुठून येते?” आम्ही म्हटलं, “कारखान्यातून.” तिनं विश्वकोश उघडून सांगितलं की उसाच्या पानात ऊन आणि हवेपासून साखर तयार होते, कारखाना ती नुसती काढून घेतो. आयुष्य उसात गेलेल्या आम्ही बाया त्या दिवशी पोरीकडून शिकलो.

बायांसाठीही भरपूर आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये आरोग्य आणि आहाराचे व्हिडिओ आहेत, मराठीतही. बाळाला छातीशी कसं धरायचं, सहा महिन्यांनंतर वरचा आहार काय द्यायचा, हे सावकाश समजावून सांगितलंय. आमच्या सूनबाईनं आणि तिच्या सासूबाईंनी ते एकत्र पाहिले. एरवी सुनेनं सांगितलं असतं तर सासूबाईंना पटलं असतं की नाही कोण जाणे. पण पडद्यावरून सांगितलं, तेव्हा दोघींनी मिळून ऐकलं आणि वाद झाला नाही. शिवणकाम करणारी आमची मैत्रीण ब्लाउजच्या नव्या गळ्यांची कटिंग बघते, अवघड जागी व्हिडिओ थांबवते, पुन्हा मागं नेते. क्लासच्या बाई इतक्यांदा सांगणार नाहीत.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी बोलून लिहायची सोय आहे. कळपाटीवरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. आमच्यातल्या दोघी जणी आधी बोलतात, मग उमटलेलं अक्षर अक्षर लावून वाचतात. अशानं त्यांचं वाचन सुधारलं. रानात जाणाऱ्यांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. ते पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं केलंय. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरवर वीज पडत असेल तर ते इशारा देतं. वळवाच्या दिवसांत ते रानात जाणाऱ्याच्या फोनवरही असू द्या. इशारा आला की झाडाखालून निघायचं आणि पक्क्या छताखाली जायचं.

दहावीनंतर विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलामुलींच्या आयांनी आणखी एक लक्षात ठेवा. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब देण्याची योजना ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेनं राबवली आहे. जाहिरात निघाली का, अटी काय आहेत, हे शाळेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावर विचारून घ्या. दाखले वेळेवर काढून ठेवा.

आता सावधगिरी. टॅबवर दिसतं ते सगळं खरं नसतं. “हा काढा घ्या, साखर कायमची जाईल,” असं कुणी सांगितलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आशाताईंना नाही तर डॉक्टरांना विचारायचं. “पाच मिनिटांत कर्ज” म्हणणारी अ‍ॅप घ्यायची नाहीत. ती फोनमधले नंबर आणि फोटो घेतात आणि मग धमकावतात. कर्ज हवं तर गट आहे, बँक आहे. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० नंबरला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

लहान पोरांचंही सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या पोराला दिवसाला तासाभराहून जास्त नको. रडतंय म्हणून हातात टॅब देऊ नका. मोठ्यांनीही मधेमधे नजर उचलून लांबच्या झाडाकडं बघावं, डोळ्यांना विसावा मिळतो.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे सगळं केलं, ती सांगतो. आमच्या वस्तीवरची एक मुलगी दहावीत होती. तिच्या घरचा वार मंगळवार. घरी स्थळाची बोलणी चालली होती. वय सोळा. कायद्यानं मुलीचं लग्न १८ च्या आत होत नाही, हे घरातल्यांनाही ठाऊक होतं, पण “दोन वर्षांनी असं स्थळ मिळेल का” ही धास्ती होती. आम्ही भांडायला गेलो नाही. दर मंगळवारी साडेसहाला आमच्यातली एक जण तिच्या घरी जाऊन बसायची, टॅब द्यायचं निमित्त. पोरगी गणिताचा व्हिडिओ लावायची, थांबवून थांबवून वहीत सोडवायची. आज्जा सुरुवातीला पाठ करून बसायचे. मग कधीतरी तोंड फिरवून बघायला लागले. एका मंगळवारी ते म्हणाले, “हिला कळतंय की सगळं.” तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “तेच तर सांगतेय मी.” तिनं घरात एवढं मोठ्यानं बोलल्याचं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पोरगी दहावी पास झाली. आता अकरावीला एसटीनं जाते. स्थळ थांबलंय.

हे टॅबमुळं झालं का? आम्हाला तसं वाटत नाही. टॅब पेटीत पडून राहिला असता तर काही झालं नसतं. बाया दर मंगळवारी जाऊन बसल्या म्हणून झालं. पण जायला निमित्त लागतं आणि पोरीच्या हातात काही तरी असावं लागतं, ते टॅबनं दिलं. आणि जिथं निमित्तानं भागत नाही, बालविवाह ठरतोच आहे असं दिसतं, तिथं १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. तो फुकट आहे आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात कुठल्या मुलीला घरचा फोन मिळत नाही? आपल्यातल्या कुणाकडं साठवून ठेवावं असं काही आहे, ओवी असेल, औषधपाण्याची माहिती असेल, बियाणं राखायची रीत असेल? आणि गटाच्या शिलकीतून एवढा खर्च झेपेल का? झेपत असेल तर ठराव लिहा, वार ठरवा आणि पोरींची वेळ सगळ्यात आधी राखून ठेवा. झेपत नसेल तर शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात पडून असलेला टॅब किंवा संगणक आहे का, तो संध्याकाळी बायांना उघडून मिळेल का, हे विचारा. सरकारी वस्तू कपाटात कुलपात राहण्यापेक्षा पोरींच्या हाती आलेली बरी.

आमच्या आजींच्या ओव्या या रेडिओलाही देणार आहोत. तुमच्या गावच्या आजींच्या तुम्ही पाठवा. ऐकायला आम्ही आहोतच.